साथीच्या दिवसांत सुट्टीला जायचं की नाही? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधून छोट्या सहली नेणं हा माझा धंदा. सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर, ओळखीचा ड्रायव्हर, अष्टविनायक, कोकण, पावसाळ्यात भंडारदरा. म्हणजे 'जाऊ नका' म्हटलं की नुकसान माझंच. २०२० च्या दिवाळीआधी फोनवर रोज तेच तेच प्रश्न यायला लागले, तेव्हा हे पान पहिल्यांदा लिहिलं. पुढे प्रत्येक लाटेला त्यात बदल होत गेले. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा काढून टाकणार होते. पण २०२५ च्या मे महिन्यात रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या आणि दोन दिवसांत फोन पुन्हा सुरू झाले. म्हणून ठेवलंय. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

ताई, एका वाक्यात सांगा ना, जायचं की नाही?

एका वाक्यात नाही सांगता येत, पण मी उलटा एक प्रश्न विचारते: परत आल्यावर घरात कोण आहे?

लोक ठिकाणाची चौकशी करतात. गोव्यात केसेस किती, महाबळेश्वरला हॉटेलं उघडी आहेत का, गर्दी असेल का. परतीच्या घराबद्दल कोणी बोलत नाही. एकदा चार मित्र आले होते, गोव्याला जायचं म्हणून. चौघेही तिशीतले, धडधाकट. तिघे पाथर्डी फाट्याजवळ एकत्र फ्लॅट घेऊन राहणारे. चौथा पंचवटीत आईबरोबर राहतो आणि आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिघांपुरती ती ट्रिप गोव्यात संपणार होती, चौथ्याची पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत. चौघांचा धोका सारखा असं धरून त्यांनी बजेट काढलं होतं. मी म्हटलं, त्या माउलीला विचारलंत का? तिघे जाऊन आले. चौथा राहिला आणि त्याने माझ्यावर बरेच दिवस राग धरला.

तेव्हा ठिकाण नंतर ठरवा. जो माणूस ट्रिपला येणारच नाही पण तुमच्याबरोबर एका छताखाली राहतो, त्याचं मत आधी घ्या. आणि ते मत 'माझं काय, जा तुम्ही पोरांनो' असंच येणार हे धरून चाला. आपल्याकडची म्हातारी माणसं दुसरं काही म्हणतच नाहीत.

कोणते आकडे बघायचे? रोज इतके आकडे येतात की डोकं गरगरतं.

रोजची एकूण रुग्णसंख्या सोडून द्या. तपासण्या कमी केल्या की ती आपोआप कमी दिसते. दोनच गोष्टी बघा: शंभर तपासण्यांत पॉझिटिव्ह किती निघतात, आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत.

हे माझं डोकं नाही. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने जिल्हे पाच स्तरांत वाटून निर्बंध उठवायला घेतले, ते याच दोन आकड्यांवर. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजनचे बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले, तर पहिला स्तर. पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांच्या वर किंवा बेड ७५ टक्क्यांच्या वर, तर पाचवा. मी अजूनही हीच पट्टी वापरते. पाचच्या आत असेल तर गाडी काढते, दहाच्या पुढे गेलं की बुकिंग घेत नाही. मधल्या पट्ट्यात ज्याने त्याने आपलं घर बघून ठरवावं.

आकडे जायच्या ठिकाणचेही बघा आणि नाशिकचेही. दुसरं कशाला, ते नाशिककराला सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये शहरात बेडसाठी लोक रात्र रात्र फोन करत होते. २१ एप्रिलला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. अशा आठवड्यात कोणी मजेसाठी बाहेर जाऊन आजार घेऊन आला, तर तो इथल्याच रांगेत येऊन उभा राहणार. ती रांग आधीच दाराबाहेर गेलेली होती.

दोन्ही डोस झालेत. आता कसली भीती?

लस गंभीर आजारापासून वाचवते. लागण होऊच देत नाही असं नाही. जानेवारी २०२२ च्या ओमिक्रॉनच्या लाटेत दोन डोसवाल्यांच्या घरात एकामागून एक सगळे तापले, ते आपण पाहिलंच. तेव्हा डोस हे तुमचं चिलखत, शेजारी बसलेल्याचं नाही. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या, एवढं मात्र नक्की.

आरटीपीसीआर निगेटिव्ह आहे. मग तर प्रश्नच नाही?

इथे जरा थांबते, कारण हा धडा मी स्वतः घेतलाय आणि महागात घेतलाय.

फेब्रुवारी २०२१. पहिली लाट ओसरलेली, लोक कंटाळलेले. मी चौदा जणांची कोकणची ट्रिप काढली. प्रत्येकाकडून निगेटिव्ह रिपोर्ट मागितला, फाइल केली आणि स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काका खोकायला लागले. 'धुळीचा आहे, मला दरवर्षी होतो.' मीही कानाडोळा केला. कारण चौदा जणांची गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवायची म्हणजे पैसे परत. नाशिकला आल्यावर तिसऱ्या दिवशी काका पॉझिटिव्ह, मग त्यांच्या मागच्या सीटवरचे चौघे, मग मी. आणि ज्या गाडीत पाऊलही ठेवलं नव्हतं त्या माझ्या सासूबाई. त्या अकरा दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या, हे नशीब.

आता त्या रिपोर्टचं बघा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते चौदा दिवस जातात, बहुतेकांना पाच-सहा. ओमिक्रॉनला तीनच. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत विषाणू इतका कमी असतो की चाचणीत सापडतच नाही, आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला आजार द्यायला लागतो. म्हणजे सोमवारी स्वॅब दिला, मंगळवारी रिपोर्ट आला, गुरुवारी निघालो, तर रिपोर्ट सोमवारचा आणि माणूस गुरुवारचा. रिपोर्ट ७२ तासांतला हवा, हा तेव्हाचा नियम नाक्यावरच्या पोलिसाला दाखवायला होता. त्याला हमीपत्र समजू नका.

मे २०२१ मध्ये घरी करायच्या किटलाही मान्यता मिळाली, पुण्याच्या कंपनीचं पहिलं आलं ते २५० रुपयांना. निघायच्या दिवशी सकाळी ते करणं हे तीन दिवसांच्या जुन्या रिपोर्टपेक्षा मला बरं वाटतं. ते निगेटिव्ह आलं तरी खोकणाऱ्याला गाडीत घेऊ नये. आता माझ्या बुकिंगच्या कागदावर पहिलीच अट आहे: ताप, खोकला, घसा असेल तर सांगा, पूर्ण पैसे परत. पैसे बुडणार म्हणून माणूस खोटं बोलतो. तो दोष निम्मा माझ्या जुन्या अटींचा होता.

स्वतःची गाडी, एसटी, रेल्वे की विमान?

स्वतःची गाडी, घरातलीच माणसं. यात फार डोकं लावायला नको.

भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर हा सहावा माणूस असतो, हे लोक विसरतात. काल तो शिर्डीला दुसऱ्या कुटुंबाला घेऊन गेला होता. काचा पूर्ण बंद करून एसी लावू नका. पुढची एक आणि तिच्या विरुद्ध बाजूची मागची एक अशा दोन काचा चार बोटं उघड्या ठेवल्या की हवा गाडीतून तिरकी वाहते. कसारा घाटात पावसाने काचा लावाव्याच लागल्या, तर निदान आतलीच हवा फिरवत राहणारं एसीचं बटण बंद करा.

एसटीचा लाल डबा या बाबतीत एसी गाडीपेक्षा उजवा. खडखडणाऱ्या खिडक्यांना आम्ही जन्मभर नावं ठेवली, साथीत त्याच कामी आल्या. रेल्वेतही तसंच, बसून जायचा उघड्या खिडक्यांचा डबा बरा, फक्त तो खचाखच नसला पाहिजे. एसी डब्यात मार्च २०२२ पर्यंत चादरी-पांघरुणं मिळत नव्हती. लोकांना त्याचंच जास्त भय होतं. खरं तर हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, समोरच्याच्या श्वासातून. विमानात हवा गाळून येते, पण विमानापर्यंत पोचेपर्यंतच्या रांगा कोण गाळणार?

लांब नाही हो, इथेच. त्र्यंबक, इगतपुरी. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्याला काय होतंय?

काही होत नाही, जर खरोखर तसंच झालं तर. मोकळी हवा, घरचा डबा, कोणाच्या अंगाला अंग नाही, हा सगळ्यात सुरक्षित प्रकार. पण 'इथेच' म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी पहिन्याला किंवा भावली धरणावर, हे मी गृहीत धरते. तिथे त्या दिवशी अर्धं नाशिक आणि पाऊण मुंबई असते. एका धबधब्याखाली दोनशे जण उभे राहून मास्क कुठला घालणार? मंगळवारी जा. रविवारीच जमत असेल तर सकाळी सातला पोचून दहाला निघा.

दुसरी गोष्ट कोणाला आवडत नाही, तरी सांगते. एप्रिल-मे २०२० मध्ये कितीतरी खेड्यांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ते बंद केले होते. शहरातले लोक त्याला अडाणीपणा म्हणाले. पेठ, सुरगाणा, हरसूल भागात माणूस सिरियस झाला तर त्याला शेवटी नाशिकला सिव्हिललाच आणावं लागतं, घाटातून, पावसात. ज्याला चहा करून द्यायला सांगतो, त्याच्या घरी आपल्यामुळे ताप गेला तर आपल्याला कळणारही नाही. गावाने नको म्हटलं तर वाद घालू नका. गाव नको म्हणत नसेल, तरी टपरीत आत न बसता बाहेर दगडावर बसून चहा घ्या.

जेवायचं झालं तर नाशिकला एक सोय आहे. गंगापूर रोड, मखमलाबादकडच्या मळ्यांतली मिसळ. झाडाखाली टेबलं, वारा वाहतोय. तोंडात पाव असताना मास्क नसतोच, तेव्हा निदान डोक्यावर छप्पर तरी नको.

नियमांचं काय? जायला परवानगी आहे म्हणजे झालं ना?

जायची परवानगी एक आणि यायची दुसरी. नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळीच्या सुट्टीत बरेच जण गोवा-राजस्थानला गेले आणि मागे इकडे नियम निघाला: २५ नोव्हेंबरपासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना निगेटिव्ह रिपोर्ट हवा. विमानाने आलात तर ७२ तासांतला, रेल्वेने ९६ तासांतला. आपल्याच घरी यायला! २०२१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर गुजरातने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना रिपोर्ट सक्तीचा केला, तेव्हा सापुताऱ्याचं बुकिंग करून बसलेल्यांची पंचाईत झाली. मी त्यांना हद्दीच्या अलीकडे, हातगडला थांबा म्हटलं. डोंगर तोच, वारा तोच, हद्द आपली.

नियम शहाणपणाचे असतातच असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत नव्हता आणि स्वतःच्या गाडीने एकट्याने जायला लागत होता. म्हणून सांगते, परवानगी म्हणजे सुरक्षित नव्हे आणि बंदी म्हणजे धोकाच असंही नाही. नियम पाळा, पण डोकं स्वतःचंच वापरा. निघायच्या आदल्या रात्री जिल्हाधिकाऱ्यांचा ताजा आदेश वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा आदेश बहुतेक वेळा मागच्या महिन्याचा असतो.

आईबाबांना बरोबर नेऊ की घरी ठेवून जाऊ?

नेणं बरं, असं माझं मत आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर. घरी ठेवलं तरी तुम्ही परत त्यांच्याकडेच येणार. मग निदान त्यांना हवापालट तरी घडू दे. पण मग ट्रिप त्यांच्या बेताने आखायची: एकच गाडी, एकच मुक्काम, शक्यतो अख्खं घर भाड्याने, बुफे नको. सोबत ऑक्सिमीटर आणि पंधरा दिवसांची औषधं. चारच दिवसांसाठी गेलात तरी पंधरा दिवसांचीच. २४ मार्च २०२० च्या रात्री जे मुलीकडे चार दिवसांसाठी म्हणून गेले होते, त्यांना विचारा.

लहान मुलं?

पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्येच सांगितलं होतं. ती मोकळ्या जागेत सगळ्यात खूश. वॉटर पार्क पुढच्या वर्षी.

पैसे भरून बसलोय. आता रद्द केलं तर बुडाले.

गेलेले पैसे बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: आज हे बुकिंग कोणी फुकट दिलं असतं, तर गेलो असतो का? उत्तर 'नाही' असेल, तर आठ हजार वाचवायला म्हणून जाऊ नका.

बाकी वसुलीचं. रेल्वेने गाडीच रद्द केली तर पूर्ण पैसे मिळतात. पहिल्या लॉकडाउनच्या काळात काढलेल्या विमान तिकिटांचे पैसे द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला सांगितलं होतं. गाडी चालू आहे पण तुमचंच मन झालं नाही, तर मात्र नेहमीची कपात. हॉटेलांचं सगळं त्यांच्या अटींवर. माझेच एका हॉटेलात अठरा खोल्यांचे आगाऊ पैसे अडकले. मालक फोनवर 'आपलेच समजा' म्हणत राहिला, कागदावर काहीच नव्हतं. तेव्हापासून पैसे भरायच्या आधी एक मेसेज टाकते: 'साथीमुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख पुढे?' उत्तर लेखी आलं तरच ॲडव्हान्स. विमा काढत असाल तर त्यात महासाथीचं कलम आहे का ते शोधा. नुसती भीती वाटली म्हणून रद्द केलं, तर बहुतेक पॉलिसी काहीच देत नाहीत.

आणि पुढे ढकलणं म्हणजे रद्द करणं नव्हे. आपल्या नाशिकचं ९४ वं साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये व्हायचं होतं. ते झालं डिसेंबरात. तेव्हाही मांडवात खुर्च्या कमी पडल्या नाहीत.

वणीचा नवस फेडायचाय. त्याला तर सुट्टी म्हणता येणार नाही.

नाही म्हणत. पण गाभाऱ्याबाहेरच्या रांगेत विषाणू नवस आणि सहल असा भेद करत नाही. देवळं मार्च २०२० पासून बंद होती, दिवाळी पाडव्याला १६ नोव्हेंबरला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेला ७ ऑक्टोबरला उघडली. देवी तेवढे दिवस थांबली. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पायी निघते, ती २०२० मध्ये मोजक्या वारकऱ्यांना घेऊन एसटीने पंढरपूरला गेली. नाथांनी चालवून घेतलं, आपण कोण लागून गेलो? चैत्र आणि नवरात्र टाळून एखाद्या साध्या बुधवारी गडावर जा.

तिकडेच आजारी पडलो तर?

हे निघायच्या आधी ठरवायचं. दापोलीत रात्री दोनला ऑक्सिमीटरने ९४ च्या खाली दाखवलं, तर कुठे जाल? तिथे उपजिल्हा रुग्णालय आहे, पण त्यापुढचं काही लागलं तर रत्नागिरी, म्हणजे घाटवळणांचे तीनेक तास. नुसता ताप असेल तर त्याच खोलीत आठवडाभर राहू देतील का, हे हॉटेलला आधी विचारा. 'बघू' म्हणाले, तर ते 'नाही' समजा. आणि कृपा करून तापात गाडी हाणत, वाटेत चार ढाब्यांवर थांबत नाशिकला येऊ नका.

परत आल्यावर काय करायचं?

निदान पाच दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून लांब. टू बीएचकेत ते कसं जमवायचं, हे मला विचारू नका. आम्ही सासूबाईंना आतली खोली दिली आणि आम्ही हॉलमध्ये झोपलो, जेवणं वेगवेगळ्या वेळी, खिडक्या सताड उघड्या. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात एकदा चाचणी.

आणि कामवाल्या मावशींना ट्रिपचं खरं सांगा. त्या आणखी चार घरी जातात. आठवडाभर येऊ नका म्हणा आणि पगार कापू नका. ट्रिपचा खर्च मांडताना ही ओळही त्यात धरायची.

२०२७ च्या सिंहस्थात पुन्हा साथ आली तर?

आली तर आधी बघायचं, ती पसरते कशी. हवेतून, पाण्यातून की डासांतून? पुढची साथ कोविडसारखीच असेल असं नाही आणि पाण्यातून येणारी असेल तर वर लिहिलेल्या उघड्या खिडक्या काही कामाच्या नाहीत. पर्वणीचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. रामकुंड पुढेही तिथेच असणार. घरात म्हातारं माणूस असेल तर मी पर्वणी सोडून मधल्या एखाद्या दिवशी पहाटे जाईन.

खरं सांगा, तुम्ही स्वतः गेलात का?

२०२१ चा सगळा उन्हाळा आणि पावसाळा घरातच. डिसेंबरात, सगळ्यांचे डोस झाल्यावर, एकदाच गेलो. नांदूर मधमेश्वरला, जेमतेम तासाभराचा रस्ता. आमची एकच गाडी, काचा उघड्या, थर्मासमध्ये चहा आणि थालीपीठं. पक्षी भरपूर आले होते. सासूबाईंना गाडीतून उतरवलं नाही. त्यांनी पुढच्या सीटवरूनच दुर्बीण लावून पाणकोंबड्या पाहिल्या, दोन थालीपीठं खाल्ली आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी वर्षभर थांबवलंत होय मला? उद्या परत येऊ."